फुकटचा फायरमन, पगारी फायरमन

“पगार किती देतात रे?” मावशीने फोनवर विचारलं. मी तेव्हा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका छोट्या टाउनशिपच्या, म्हणजे स्वतःचा कारभार असलेल्या गावाच्या, अग्निशमन दलात नुकतंच नाव घातलं होतं. म्हटलं, काही नाही देत.

“म्हणजे रात्री-अपरात्री उठून लोकांच्या जळत्या घरात शिरायचं, आणि तेही फुकट?”

हो.

“मग तिथल्या सरकारचा बंब काय करतो?”

मावशी, तोच बंब.

तिला काही ते पटलं नाही. आग लागली की फोन करायचा आणि पगारी माणसं बंब घेऊन येणार, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतही तसंच आहे. पण शहराची हद्द ओलांडून अर्धा तास गाडी चालवली की चित्र पालटतं. एनएफपीए या अग्निसुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या हिशेबानुसार २०२० साली देशात सुमारे १० लाख ४१ हजार अग्निशामक होते. त्यातले ३ लाख ६४ हजार पगारी आणि ६ लाख ७७ हजार स्वयंसेवक. तिघांमागे जवळजवळ दोघे बिनपगारी. लोकसंख्येच्या बाजूने बघितलं तर हेच गणित उलटं होतं. पगारी दलं संख्येने थोडी, पण माणसं शहरात दाटीने राहत असल्यामुळे दहातल्या सुमारे सात जणांना त्यांचंच संरक्षण मिळतं. जमीन अफाट आणि वस्ती विरळ अशा उरलेल्या देशाचा भार स्वयंसेवकांवर.

मी सात वर्षं स्वयंसेवक होतो. मग एका शहराच्या पगारी दलात लागलो, त्यालाही आता दहा वर्षं होतील. रोज आगीशी गाठ असलेल्या या दोन जमातींमध्ये मुळात विस्तव जात नाही, हे मला पगारी झाल्यावर कळलं. आधी दिसत होतं ते फक्त एका बाजूने.

भांडण जुनं आहे. १७३६ साली बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात ‘युनियन फायर कंपनी’ काढली. सभासदांनी आपापल्या चामडी बादल्या आणि सामान वाचवायच्या पिशव्या तयार ठेवायच्या आणि कुणाच्या घराला आग लागली की धावायचं, असा करार होता. पुढच्या शंभर वर्षांत गावोगाव अशा कंपन्या झाल्या, आणि मंडळं झाली की चुरस आलीच. आपली कंपनी आधी पोचली पाहिजे, पाणी आपणच आधी मारलं पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये एक दांडगा गडी पुढे पाठवून त्याला रस्त्यावरच्या हायड्रंटवर पिंप उपडं घालून बसवत, म्हणजे दुसऱ्या कंपनीला नळ सापडू नये. मग पिंपावरून मारामाऱ्या. या कंपन्यांमधून राजकारणीही निघाले. न्यूयॉर्कला पुढे लुटून खाणारा ‘बॉस’ ट्वीड हा मूळचा अशाच एका कंपनीचा म्होरक्या.

सिनसिनाटीत तर १८५१ मध्ये एक लाकूड कारखाना जळत असताना कंपन्या एकमेकांशीच भिडल्या. शहर वैतागलं, आणि १ एप्रिल १८५३ ला तिथे पूर्ण पगारी दल सुरू झालं. त्याच सुमारास वाफेवर चालणारा पंप आला. हातपंप मारायला चाळीस-पन्नास गडी लागत, वाफेच्या पंपाला मोजकी कसबी माणसं आणि घोडे पुरत. थोडक्यात, गर्दीची गरज यंत्राने संपवली. न्यूयॉर्कने १८६५ मध्ये आणि फिलाडेल्फियाने १८७१ मध्ये पगारी दल उभं केलं. स्वयंसेवकांना हाकलूनच पगारी नोकरी जन्माला आली, हा सल अजून आहे. एक बाजू फ्रँकलिनचं नाव घेते, दुसरी पिंपाची गोष्ट सांगते. गंमत म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या हद्दीत, ब्रॉड चॅनेल आणि गेरिटसन बीचसारख्या कडेच्या वस्त्यांत, स्वयंसेवक कंपन्या अजूनही टिकून आहेत.

आता आजचं भांडण. ते शौर्याचं आहे असं दोन्ही बाजू भासवतात, पण आहे मिनिटांचं.

यूएल ही वस्तूंच्या सुरक्षेची तपासणी करणारी नावाजलेली संस्था. तिने २००९ मध्ये दोन दिवाणखाने मुद्दाम पेटवून बघितले. एकात जुन्या पद्धतीचं सामान, म्हणजे लाकूड आणि कापूस. दुसऱ्यात आजचं, म्हणजे फोमचा सोफा, कृत्रिम धाग्याचे पडदे, प्लॅस्टिक. जुनी खोली आरपार पेटायला २९ मिनिटं लागली. नवी चार मिनिटांच्या आत पेटली. आरपार पेटणं म्हणजे खोलीतली प्रत्येक वस्तू एकदम भडकणं. आम्ही त्याला फ्लॅशओव्हर म्हणतो. त्यानंतर त्या खोलीत माणूस जिवंत राहत नाही, आमचा पूर्ण पोशाख घातलेलासुद्धा. आमच्या आजोबांच्या काळातला अग्निशामक वीस मिनिटांनी पोचला तरी काही वाचवू शकत असे. आज तेवढ्यात छप्पर खाली आलेलं असतं.

पगारी दलासाठी एनएफपीएचं १७१० नावाचं मानक आहे. घंटा वाजल्यापासून आगीसाठी ८० सेकंदांत बंब ठाण्याबाहेर, आणि रस्त्यावर जास्तीत जास्त २४० सेकंद. बंबावर किमान चार माणसं. स्वयंसेवकांसाठी १७२० हे वेगळं मानक. दाट वस्तीत ९ मिनिटांत १५ माणसं, उपनगरात १० मिनिटांत १०, ग्रामीण भागात १४ मिनिटांत ६. दोन्ही मानकं पहिल्यांदा २००१ मध्ये आली. आता ही चौदा मिनिटं त्या चार मिनिटांच्या शेजारी ठेवून बघा. पगारी माणूस “जीव धोक्यात घालताय लोकांचा” म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात हा फरक असतो. आणि ग्रामीण भागात चौदाची आठ मिनिटं करायची तर दर चार मैलांवर पगारी ठाणं बांधा, असं स्वयंसेवक म्हणतो. त्याचंही खरं आहे.

ही चौदा मिनिटं जातात कुठे, ते आतून सांगतो. रात्रीचे पावणेतीन. उशाशी ठेवलेला पेजर किंचाळतो. पँट दाराशीच टांगलेली असते. बायको कूस बदलते, म्हणते, “जपून.” गाडीवर निळा दिवा लावतो, पण आमच्या राज्यात त्या निळ्या दिव्याला सायरनचा हक्क नाही, तो फक्त ‘कृपा करून जाऊ द्या’ एवढंच म्हणतो. लाल सिग्नलला थांबावंच लागतं. रिकाम्या चौकात, समोर चिटपाखरू नसताना, लाल दिव्याकडे बघत मी किती वेळा बसलोय. ठाण्यावर पोचलो तर बंब सुरू झालेला, चालक बसलेला, मागे एक पोरगा बूट ओढतोय. खुर्च्या सहा, आम्ही तिघे. निघायचं की चौथ्याची वाट बघायची?

हा प्रश्न चौथ्याच माणसाचा का, तर जळत्या घरात कधीही एकट्याने शिरायचं नाही. दोघे आत, आणि त्यांना काही झालं तर ओढून काढायला तयारीत दोघे बाहेर. ओशा या कामगार सुरक्षेच्या केंद्रीय खात्याने १९९८ मध्ये हा नियम लेखी केला. आत माणूस अडकल्याचं पक्कं कळलं तर त्याला अपवाद आहे. म्हणजे तिघे पोचले तर बाहेरून पाणी मारत चौथ्याची वाट बघणार. घरमालक मात्र अंगणात उभा राहून ओरडत असतो, “आत का जात नाही?” त्या रात्री चौथा आला नाही. शेजारच्या टाउनशिपचा बंब येईपर्यंत आम्ही खिडकीतून पाणी मारत राहिलो. घर रिकामं होतं, एवढंच नशीब.

शहरात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात अशीच घंटा वाजली. जेवायच्या टेबलावरून उठलो, ताट तसंच, आणि मी बुटात पाय घालेपर्यंत चौघे जागेवर. मला खरं सांगायचं तर राग आला. सोपं होतं हे! इतकी वर्षं आम्ही ज्याच्यासाठी झगडलो ते फक्त आधीपासून ठाण्यात बसून राहण्याने सुटत होतं.

पण बसून राहण्याला पैसे लागतात, आणि इथून पोटापाण्याचा भाग सुरू होतो. पगारी अग्निशामकाची ड्युटी साधारण चोवीस तास कामावर, अठ्ठेचाळीस तास घरी. आठवड्याची सरासरी ५६ तास. केंद्रीय कायद्यात आमच्यासाठी खास तरतूद आहे. २८ दिवसांत २१२ तास भरल्यावरच ओव्हरटाइम सुरू. पगार, आरोग्यविमा, पेन्शन हे सगळं युनियनने वाटाघाटी करून मिळवलेलं. आयएएफएफ ही देशव्यापी युनियन १९१८ पासून हेच करत आली आहे. आणि प्रत्येक वाटाघाटीत समोरचा एक वाक्य हमखास टाकतो: शेजारचं गाव हेच काम फुकटात करून घेतंय. टेबलाच्या या बाजूला बसल्याशिवाय हे वाक्य किती झोंबतं ते कळत नाही. स्वयंसेवकाबद्दल पगारी माणसाच्या मनात जी अढी असते तिचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. आपल्या मजुरीचा भाव तो नकळत पाडतो.

म्हणून युनियनचा खरा राग ‘दोन टोप्यावाल्या’वर. आठवड्यातले दोन दिवस शहरात पगारी आणि उरलेल्या वेळात आपल्या गावात स्वयंसेवक, असा माणूस. युनियनच्या घटनेत असं काम हा सभासदाविरुद्ध तक्रारीचा विषय ठरवलेला आहे. दरवेळी कारवाई होतेच असं नाही, पण टांगती तलवार असते. युनियनची बाजू अगदीच पोकळ नाही. तिकडे फुकट काम करताना पाठ मोडली तर शहराच्या विम्याने भरायचं का? कॅन्सर झाला तर तो कुठल्या धुरामुळे झाला, हे कोण ठरवणार? उलट दलांना माणसं नेमायला पैसे देणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘सेफर’ अनुदानाच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की या पैशातून नेमलेल्या जवानाला सुट्टीच्या वेळी दुसऱ्या हद्दीत स्वयंसेवक म्हणून काम करायला मनाई करता येणार नाही. एकाच माणसाला युनियन नको म्हणते आणि कायदा खुशाल जा म्हणतो. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तो हा.

मी पगारी झालो त्या वर्षी माझं गावातलं नाव काढून घेतलं. कुणी धमकी वगैरे दिली नाही. एका जुन्या सहकाऱ्याने भांडी घासता घासता सहज विचारलं, “अजून तिकडे जातोस का?” बस, तेवढं पुरलं. त्याचा अभिमान मला नाही.

दोन टोप्यांची आणखी एक गाठ आहे, ती कमी लोकांना माहीत असते. ज्या संस्थेत तुम्ही पगारावर आहात तिथेच तेच काम फुकट करता येत नाही, कामगार कायदा आडवा येतो. नियम चांगला आहे, नाहीतर मालकाने ओव्हरटाइमला ‘सेवा’ म्हटलं असतं. पण काही दलं मिश्र असतात, दिवसा चार पगारी आणि रात्री स्वयंसेवक. तिथल्या पगारी माणसाच्या शेजारचं घर त्याच्या सुट्टीच्या दिवशी पेटलं, तर त्याने स्वयंसेवक म्हणून बंबावर चढायचं नाही.

या मिश्र दलांत ताण सगळ्यात जास्त. कारण तिथे एकच स्वयंपाकघर. कॉफीचा डबा कुणी संपवला इथपासून सुरुवात, आणि जळत्या घरासमोर हुकूम कुणाचा इथे शेवट. वीस वर्षं सेवा केलेला स्वयंसेवक कॅप्टन असतो, दिवसभर प्लंबिंग करतो. त्याच्या हाताखाली सहा महिन्यांचा पगारी जवान, ज्याने अकादमीत रोज आठ तास हेच केलंय. अनुभव मोठा की सराव? दोघांनाही वाटतं उत्तर उघड आहे.

प्रशिक्षणाचंही तसंच. अग्निशामकाच्या पात्रतेसाठी असलेल्या एनएफपीएच्या मानकाची परीक्षा दोघांना एकच देता येते, कागद सारखाच मिळतो. पण तो मिळवण्यासाठीचे शंभरावर तास स्वयंसेवक मंगळवारच्या रात्री आणि शनिवार-रविवार मोडून भरतो. काही ठिकाणी भरतच नाही. पगारी माणसांची ही तक्रार मी स्वयंसेवक असताना खोटी मानायचो, आता मानत नाही. ज्याला श्वासयंत्र नीट चढवता येत नाही त्याला आत पाठवणं हा गुन्हा आहे, तो फुकट आला म्हणून गुन्हा लहान होत नाही. २०२४ च्या सुरुवातीला ओशाने आपत्कालीन सेवांसाठी नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात प्रशिक्षण, आरोग्य तपासणी, कागदपत्रं यांची लांबलचक यादी होती. युनियनने स्वागत केलं. स्वयंसेवक संघटना म्हणाल्या, एवढं सांभाळायचं तर निम्मी छोटी दलं कुलूप लावतील. निम्मी ही अतिशयोक्ती असेल. पण ज्या दलाचा हिशेब एक निवृत्त शिक्षिका वहीत ठेवते, तिथे ही भीती खरी आहे.

स्वयंसेवकाचं दुखणं सगळ्यात जास्त असतं ते अपमानाचं. एक प्रसंग सांगतो. हद्दीवरच्या गोदामाला आग लागली होती, आम्ही आधी पोचलो. पाइप ओढून आत पंधरा फूट गेलो होतो, नोझल माझ्या हातात. शहराचा बंब आला, त्यांचा लेफ्टनंट मागून आला, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि नोझल घेतलं. “आता आम्ही बघतो, तुम्ही पाइप सरकवा.” वाईट बोलला नाही. नंतर पाण्याची बाटलीही दिली. पण घरी जाताना गाडीत आम्ही चौघांपैकी कुणी बोललं नाही. अमेरिकेत विमा कंपन्यांसाठी गावाच्या अग्निसुरक्षेला गुण देणारी पद्धत आहे, तिच्यात ठाण्याबाहेरून येणारे तीन स्वयंसेवक म्हणजे ठाण्यात हजर एक पगारी, असा हिशेब धरतात. मिनिटांचा विचार केला तर तो हिशेब रास्तही असेल. पण तीन म्हणजे एक हे ऐकून पुन्हा मंगळवारी सरावाला यायला माणसाकडे मोठं मन लागतं.

मृत्यू मात्र हिशेबात फरक करत नाही. कामावर मेलेल्या अग्निशामकाच्या कुटुंबाला केंद्र सरकार जी भरपाई देतं ती १९७६ च्या कायद्याने दोघांना सारखीच. दोघांच्याही मृत्यूंमागे पहिलं कारण आग नाही, हृदयविकार आहे.

स्वयंसेवक कमी होतायत हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. १९८४ मध्ये देशात ते ८ लाख ९७ हजार होते, २०२० मध्ये ६ लाख ७७ हजार. याच काळात कामं वाढली. १९८० मध्ये देशभरात १ कोटी ८ लाख वेळा बोलावणं आलं होतं, २०२० मध्ये ३ कोटी ६४ लाख वेळा. त्यातली बहुसंख्य आगीची नाहीतच. छातीत दुखतंय, आजी पडली, गाडी झाडाला धडकली. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने नेमलेल्या आयोगाने २०१८ च्या अहवालात लिहिलं, की राज्यात १९७० च्या दशकात सुमारे ३ लाख स्वयंसेवक होते, आता ३८ हजारांच्या आसपास आहेत. पूर्वी गावातल्या गिरणीचा मालक भोंगा वाजला की कामगारांना सोडायचा. आता गिरणी नाही, नोकरी पन्नास मैलांवर, आणि नवरा-बायको दोघेही कामाला. तरुणांमध्ये सेवाभाव राहिला नाही, असं म्हणणाऱ्याने आधी त्या तरुणाचं घरभाडं विचारावं.

मग पगारी माणसं का नेमत नाहीत? हिशेब मांडू. बंबावर चार खुर्च्या चोवीस तास भरलेल्या हव्यात. तीन पाळ्या म्हणजे बारा माणसं. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की सोळा. पगार, विमा, पेन्शन मिळून माणशी वर्षाला एक लाख डॉलर हा सोयीसाठी गोल आकडा धरू. झाले सोळा लाख. गावात अडीच हजार घरं असतील तर घरटी ६४० डॉलर, दर वर्षी, फक्त माणसांचे. ठाणं आणि बंब वेगळे.

म्हणून माझं मत असं झालंय, की पगारी आणि स्वयंसेवक ज्या बिलावरून भांडतात ते दोघांचंही नाही. ते गावाचं आहे. गाव ते कधी उघडूनच बघत नाही, कारण स्वयंसेवक ते फाडून खिशात घालतो. आणि पगारी माणूस ते मोठ्याने वाचून दाखवतो म्हणून गावाला तो हावरट वाटतो.

आमच्या टाउनशिपमध्ये एकदा ते उघडलं गेलं होतं. मी अजून तिथेच होतो. दिवसा गावात कुणीच नसायचं, म्हणून चीफने मागणी केली, आठवड्याचे पाच दिवस, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दोन पगारी चालक द्या. बाकी आम्ही बघतो. घरटी ऐंशी डॉलरच्या आसपास कर वाढला असता. सभेला हॉल भरला. आम्ही गणवेशात मागे उभे. सुरुवातीला अध्यक्षांनी आमच्याकडे हात केला, आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या एका बाईंचे डोळे भरून आले होते. मग टाउनशिपच्या मंडळातल्या सदस्यांचं मतदान झालं. तीन विरुद्ध दोन, मागणी फेटाळली.

पुढच्या शनिवारी ठाण्याच्या अंगणात आम्ही बंबाच्या टायरांसाठी चिकन बार्बेक्यू लावलं. त्या बाई आल्या होत्या. चार ताटं घेऊन गेल्या, आणि उरलेले सुट्टे पैसे बरणीत टाकले.